पुण्यात ट्रकने धडक दिली तर : पहिल्या दहा मिनिटांपासून भरपाईच्या दाव्यापर्यंत

पुण्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाची अवजड गाड्यांशी गाठ लवकरच पडते. नऱ्हे-आंबेगावात खोली घेतली तर बंगळूर महामार्गावरचे कंटेनर, चाकणला नोकरी लागली तर कंपन्यांचे ट्रेलर, वाघोली-केसनंदकडे फ्लॅट घेतला तर डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर. गावाकडे अपघात झाला तर ओळखीची चार माणसं धावून येतात. इथे पहिला तासभर तुम्ही एकटे असता आणि नेमकं त्याच तासात बोललेलं, लिहिलेलं पुढे दोन-चार वर्षं तुमच्या मागे राहतं. काय करायचं हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. ट्रकच्या अपघातात समोर एकटा ड्रायव्हर नसतो. त्याच्यामागे गाडीमालक असतो, कधी ट्रान्सपोर्टवाला असतो आणि गाडीची विमा कंपनी असते. तुमची भरपाई ड्रायव्हरच्या खिशातून येणार नाही. ती विमा कंपनीकडून येते आणि कंपनी कागदावर काय आहे तेवढंच पाहते. त्यामुळे रस्त्यावर ड्रायव्हरशी हुज्जत घालण्यात घालवलेली दहा मिनिटं तुमच्याच नुकसानीची असतात.

आधी रस्त्यातून बाजूला व्हा

धडक बसली की पहिलं काम रस्त्याच्या कडेला जाणं, शक्य असेल तर कठड्यापलीकडे. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येताना लांबच लांब उतार आहे. डिझेल वाचवायला काही चालक तिथे गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री या पट्ट्यात एकाच अवजड गाडीमुळे ४८ च्या आसपास वाहनांचं नुकसान झालं. १३ नोव्हेंबर २०२५ ला तिथेच कंटेनरने गाड्यांना धडक दिली, मध्ये चिरडलेल्या कारने पेट घेतला आणि आठ जणांचा जीव गेला. अशा ठिकाणी पहिल्या अपघाताइतकाच मागून येणारा दुसरा अपघात घातक असतो. गाडीचा आरसा तुटला म्हणून लेनमध्येच उभं राहून फोटो काढणाऱ्यांना बघून माझ्या पोटात गोळा येतो.

गाडी हलत असेल तर कडेला घ्या, हलत नसेल तर चारही इंडिकेटर लावून माणसं बाहेर काढा. धडक टँकरची असेल आणि काही गळत असेल, वास येत असेल तर जवळ थांबूच नका. वारा ज्या दिशेने येतोय त्या बाजूला लांब जा, मोबाइलची बॅटरी लावून वाकून बघू नका, १०१ वर अग्निशमन दलाला कळवा. टँकरच्या मागे-बाजूला आत काय आहे हे सांगणारी पाटी असते. ती लांबून वाचता आली तर फोनवर सांगा.

मग फोन. ११२ हा पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीचा क्रमांक, १०८ ॲम्ब्युलन्सचा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लावा. गस्तीची गाडी, ॲम्ब्युलन्स, क्रेन यांची मदत तिथून मिळते. नवीन माणसाची अडचण होते ती जागा सांगताना. "नवले ब्रिजजवळ" एवढं पुरत नाही. मुंबईकडे जाणारी बाजू की साताऱ्याकडे जाणारी, वरचा महामार्ग की सर्व्हिस रोड, हे आधी सांगा. बाजू चुकली तर ॲम्ब्युलन्सला पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यावं लागतं आणि गर्दीच्या वेळी त्यात सहज वीस मिनिटं जातात. किलोमीटरचा दगड, समोरचा पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, हॉटेलची पाटी, जे दिसेल ते सांगा.

जखमीला पाणी पाजू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असेल तर ती वाढते. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. चाकाखाली कोणी अडकलं असेल तर "गाडी मागे घे" असा गलका सुरू होतो. त्याला आवर घाला. ट्रक इंचभर हलवल्याने जास्त इजा होऊ शकते, जाणकार माणसं येईपर्यंत थांबणं चांगलं.

ट्रकचं काय काय टिपायचं

ट्रक जागेवर उभा असेल तर मोबाइलवर भराभर फोटो घ्या. पुढची नंबरप्लेट आणि मागची नंबरप्लेट, दोन्ही. ट्रेलर किंवा कंटेनर असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण ओढणाऱ्या इंजिनाचा नंबर वेगळा आणि मागच्या ट्रेलरचा वेगळा असतो. घाईत मागचाच नंबर लिहून घेतला आणि फिर्यादीत तोच गेला, तर नंतर कुठली गाडी, कोणाचा विमा, असा घोळ सुरू होतो. दरवाजावर लिहिलेलं मालकाचं किंवा ट्रान्सपोर्टचं नाव, रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा, तुमची गाडी आणि ट्रक एका चौकटीत येतील असा लांबून एक फोटो, खड्डा किंवा बंद पडलेला दिवा असेल तर तोही. नंबर हाती आला की एमपरिवहन ॲपवर विम्याची मुदत पाहता येते.

जे लोक थांबलेत त्यांच्यापैकी दोघांचे नंबर घ्या. पुणेकर मदतीला थांबतो, पण साक्षीला यायचं म्हटलं की कचरतो. त्यांना सांगा की मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलंय. चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. जे स्वखुशीने नंबर देतील त्यांचा घ्या.

ड्रायव्हरवर हात उगारू नका, दुसऱ्याला उगारू देऊ नका. हे मी कळकळीने सांगतोय. तोही बहुतेक वेळा बीड-परभणीकडून पोटासाठी इथे आलेला, रात्रभर स्टिअरिंगवर असलेला माणूस असतो. जमाव मारतो म्हणूनच ड्रायव्हर पळतात, आणि तो पळाला की त्याचं नाव, लायसन, मालकाचा फोन या गोष्टी मिळायला वेळ लागतो. शिवाय मारहाण झाली तर उलटा गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.

हे वाचणारा स्वतः ट्रक चालवत असेल तर त्याच्यासाठी दोन शब्द. कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात पोचवण्याची व्यवस्था करणं, पोलिसांना कळवणं आणि विमा कंपनीला माहिती देणं ही तुमची जबाबदारी आहे. जमावाचा धोका असेल तर कायदाही तो समजून घेतो. तेव्हा गाडी सोडून थेट जवळचं पोलीस ठाणं गाठा आणि स्वतःहून नोंद करा. गावाची गाडी पकडणं आणि ठाण्यात जाणं यात तुमच्या पुढच्या आयुष्याचा फरक आहे.

दवाखान्यात "घसरून पडलो" म्हणू नका

माझ्या मते सगळ्यात जास्त दावे इथे बिघडतात. जखमीला आणणारे मित्र किंवा रूममेट घाबरलेले असतात. पोलिसांची भानगड नको, दवाखान्याने पटकन आत घ्यावं, म्हणून केसपेपर काढताना ते सांगून टाकतात, "गाडीवरून पडला." डॉक्टर तेच लिहितात. सहा महिन्यांनी विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करतो : जखमी स्वतः घसरून पडला, आमच्या ट्रकचा संबंध काय? मग खरं असूनही ते सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून अपघात विभागात पहिलं वाक्य स्पष्ट असू द्या. कुठे, किती वाजता, कोणत्या प्रकारच्या गाडीने धडक दिली, नंबर माहीत असेल तर नंबर. ही केस एमएलसी (मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) म्हणून नोंदवायला सांगा आणि एमएलसी नंबर लिहून घ्या. दवाखाना मग स्वतःच पोलिसांना कळवतो.

जवळचा दवाखाना आधी. पुणे शहरात स्टेशनजवळचं ससून, पिंपरीत संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय म्हणजे लोकांच्या तोंडचं वायसीएम, ही मोठी सरकारी आणि पालिकेची ठिकाणं. पण गंभीर जखमीला चाकणहून थेट ससूनला नेण्याचा हट्ट धरू नका. खासगी दवाखान्यालाही आधी उपचार करावेच लागतात. पोलीस येईपर्यंत थांबा असं डॉक्टरने म्हणू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे.

पैशांचं काय, हा परगावच्या माणसाचा पहिला प्रश्न. केंद्र सरकारने ५ मे २०२५ ला रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली. अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च त्यात बसतो. योजनेत नेमलेल्या रुग्णालयातच तो पूर्ण लागू होतो, इतर ठिकाणी फक्त रुग्ण स्थिर करण्यापुरता. हा अपघात खरोखर वाहनाचाच आहे याची पुष्टी पोलिसांनी करावी लागते, म्हणून पोलिसांना लवकर कळवणं इथेही कामाला येतं. काउंटरवर योजनेचं नाव घेऊन विचारा. विचारल्याशिवाय कोणी सांगेल अशी वाट बघू नका.

बाहेरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी तपासून घ्या. पोटात मार, डोक्याला मार, मानेचा झटका या गोष्टी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतात. उलटी, गुंगी, पोट कडक होणं, लघवीतून रक्त यातलं काही दिसलं तर लगेच परत जा.

पोलीस ठाणं : कोणतं, आणि जबाब कसा द्यायचा

पुण्यात तीन पोलीस दलं आहेत : पुणे शहर, पिंपरी-चिंचवड (२०१८ पासून वेगळं आयुक्तालय) आणि पुणे ग्रामीण. हिंजवडी आणि चाकण पिंपरी-चिंचवडकडे येतात, खेड शिवापूरच्या बाजूला ग्रामीण पोलीस. महामार्गावर थोड्या अंतरात हद्द बदलते. "ही आमची हद्द नाही" असं ऐकावं लागलं तर शांतपणे झिरो एफआयआर नोंदवायला सांगा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द न पाहता फिर्याद घेण्याची तरतूद आहे. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. तरीही नोंद झाली नाही तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवता येते, आणि शहरात पोलीस उपायुक्तांना. पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.

जबाब देताना घाई करू नका. जे पाहिलं तेच सांगा. "ट्रक शंभरच्या वेगात होता" असं अंदाजाने सांगितलं आणि नंतर ते टिकलं नाही, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते. तुम्ही कोणत्या दिशेने, कोणत्या लेनमधून चालला होता, ट्रक मागून आला की वळताना घासला, नंबर काय, हेल्मेट होतं का. मिक्सर किंवा डंपर डावीकडे वळताना दुचाकी चाकाखाली येण्याचे प्रकार शहरात होतात. तसं झालं असेल तर इंडिकेटर होता का, क्लीनर होता का, हेही सांगा. सही करण्याआधी सगळं वाचा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

घटनास्थळाचा पंचनामा होतो. तुम्ही किंवा तुमच्याकडचं कोणी त्या वेळी हजर राहिलं तर बरं, कारण नंतर ट्रक हललेला असतो. आसपासच्या दुकानांत, सोसायट्यांत, पेट्रोल पंपावर सीसीटीव्ही असतात, पण रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं. तपासी अंमलदाराला लेखी अर्ज द्या, त्यात कॅमेऱ्यांची ठिकाणं नोंदवा आणि अर्जावर पोच घ्या. हा साधा अर्ज फार कमी लोक करतात.

पोलिसांनी ४८ तासांच्या आत अपघाताचा प्राथमिक अहवाल दावा न्यायाधिकरणाला द्यावा, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यावा, असे केंद्रीय नियम २०२२ पासून आहेत. अहवाल गेला का, हे तपासी अंमलदाराला अधूनमधून विचारत राहा. न भांडता, पण न विसरता.

"आपसात मिटवून टाकू"

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मालकाचा माणूस दवाखान्यात येतो. गोड बोलतो, फळं आणतो, वीस-पंचवीस हजार हातात ठेवतो आणि शंभराच्या स्टॅम्प पेपरवर सही मागतो. मजकूर असा असतो की चूक कोणाचीच नाही, माझी तक्रार नाही, यापुढे भरपाई मागणार नाही. हाड मोडलेलं असताना, पुढे किती ऑपरेशन लागतील हे डॉक्टरलाच सांगता येत नसताना, असा कागद करू नका. कोऱ्या कागदावर तर कधीच सही नको. मालक खरंच चांगल्या मनाने खर्च करत असेल तर त्याने दवाखान्याचं बिल परस्पर भरावं. त्याला कोणाची हरकत नाही, पण त्याच्या बदल्यात सही नाही.

फक्त बंपर घासला, कोणाला खरचटलंसुद्धा नाही, अशी गोष्ट जागेवर मिटवली तर मला त्यात गैर वाटत नाही. तरी फोटो आणि ट्रकचा नंबर ठेवा.

दवाखान्याच्या दारात आणखी एक माणूस भेटतो. "साहेब, केस आमच्याकडे द्या, फी नको, मिळेल त्यातले इतके टक्के." वकिलाने भरपाईत टक्केवारीने वाटा ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं.

स्वतःच्या गाडीचा विमा

आपल्या विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. गाडी मालकाच्या नावावर असून तो स्वतः चालवत असेल, लायसन वैध असेल, तर पॉलिसीत १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का ते पाहा. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास तो वेगळा मिळतो. घरच्यांना तो आहे हेच माहीत नसतं. पोलिसांनी गाडी ठाण्यात लावली असेल तर आरटीओ निरीक्षकाची तपासणी झाल्यावर ती सुपुर्दनाम्यावर, म्हणजे गाडी ताब्यात घेतल्याचं हमीपत्र लिहून देऊन, सोडवता येते.

दावा : सहा महिने लक्षात ठेवा

पोलीस केस ड्रायव्हरच्या गुन्ह्यासाठी असते. भरपाईचा दावा वेगळा. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, पुण्यात शिवाजीनगर न्यायालयात दाखल होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. प्लास्टर निघू दे, मग बघू, असं करू नका. परगावच्या लोकांसाठी सोयीची गोष्ट ही की अपघात पुण्यात झाला असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दावा करता येतो. मुलगा पुण्यात अपघातात दगावला आणि आईवडील लातूरला असतील, तर त्यांनी दर तारखेला एसटीने पुण्याला यायची गरज नाही.

चूक कोणाची हे सिद्ध न करता ठरावीक रक्कम घेण्याचा मार्गही आहे. कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. पण कमावत्या माणसाच्या बाबतीत कलम १६६ खालची रक्कम बरीच जास्त होऊ शकते, म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय निवड करू नका.

रक्कम ठरते ती पुराव्यावर. औषधांची बिलं रुग्णाच्या नावाने घ्या. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, जखमांचे तारखेसहित फोटो, रिक्षा-ॲम्ब्युलन्सच्या पावत्या, सांभाळायला ठेवलेल्या माणसाला दिलेले पैसे, कामावरच्या रजेचं पत्र, सगळं एका फाइलमध्ये. पगाराची स्लिप नसेल तर बँकेचं पासबुक आणि तुम्ही काम करता तिथल्या मालकाचं पत्र. घर सांभाळणाऱ्या बाईचं उत्पन्न शून्य धरलं जात नाही, तिच्या कामाचीही किंमत न्यायालयं धरतात. हात-पाय कायमचा अधू झाला असेल तर सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र घ्या, टक्केवारीवर बरंच काही अवलंबून असतं.

ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तर कलम १६१ खालची योजना आहे. मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा आणि सोबत एफआयआर, वैद्यकीय कागद, ओळखपत्र, बँकेचा तपशील लावायचा. नंतर ट्रक सापडून दुसरी भरपाई मिळाली तर ही रक्कम त्यातून वळती होते. नंबर अर्धवट आठवत असेल, "एमएच १२, शेवटी ४७" एवढाच, तरी तो फिर्यादीत लिहून घ्या.

निकाल लागला की पैसे रोख हातात येत नाहीत. ते बँक खात्यात जमा होतात, आणि मृत्यूच्या केसमध्ये किंवा लहान मुलांचा हिस्सा असेल तर न्यायाधिकरण काही रक्कम मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. त्यामुळे आधार, पासबुक आणि दाव्यातलं नाव अक्षरशः सारखं आहे ना, हे दावा दाखल करतानाच बघून घ्या. आडनावातल्या एका वेलांटीसाठी नंतर प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं.